नमस्कारबाई

गुरुवारची सुट्टी होती. उद्धवराव दुपारी भाकरी मोडून दुधात कुस्करत होते, तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. त्यांचा नव्हे, तिचा. तो फोन तिथंच असायचा, देवांच्या तसबिरीच्या बाजूला, चार्जरला लावलेला. बायको जाऊन आता आठ-नऊ महिने होत आले होते, तरी तो कुणी बंद केला नव्हता. गॅसचं, बँकेचं सगळं त्याच नंबराला जोडलेलं होतं, आणि मुलगा धनेश हिंजवडीत कंपनीची कॅब चालवता चालवता ट्रॅफिकमध्ये अडकला की त्यात रिचार्ज टाकून द्यायचा. कर्ज हवंय का विचारणारं कुणीतरी असणार, असं समजून उद्धवराव उष्ट्या हातानं उठले आणि करंगळीनं फोन घेतला. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या दणक्यात, उभा जन्म गेल्यामुळं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. खोलीभर आवाज झाला. "नमस्कार, शालान."

हाताला लागलेलं दूध मनगटावरून खाली ओघळत होतं आणि उद्धवराव तसेच उभे होते. त्यांना वाटलं, किती दिवसांनी ऐकलं हे नाव. मग वाटलं, दिवसांनी कसलं, या खोलीत हे नाव कधी कुणी घेतलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आधी गावाकडं, सगळ्यांच्या देखत, तशी रीतच नव्हती, आणि मग चिखलीत खोली घेऊन दोघंच राहायला लागले तोवर तोंडाला सवय झाली होती. अगं, ऐकलं का, कुठं गेलीस. एवढ्यावर संसार झाला. धनेशला ती आई होती. दवाखान्यात नर्स तिला पेशंट म्हणायची. आणि ती गेल्यावर तर लोकांनी नाव टाकूनच दिलं. वहिनी म्हणायचे, नुसतं 'त्या' म्हणायचे, तुमच्या घरच्या म्हणायचे. नाव घेतलं तर या माणसाला लागेल असं त्यांना वाटत असावं. उद्धवरावांना कधी कुणाला सांगता आलं नाही, की घ्या हो नाव, मला काही होत नाही. शालन. तसं साधंच नाव होतं. फोनमधली बाई ते चुकीचं म्हणत होती. शालान. शेवटाला लांबवून, शेताच्या पार पलीकडच्या बांधावरून हाक मारावी तसं.

ही बाई कोण ते त्यांना लगेच कळलं. ती नमस्कारबाई होती. शालन जिथं कामाला होती त्या शेडमधल्या बायांनी तिला हे नाव ठेवलं होतं. शेड चिखलीतच, बबनरावांची. बबनराव जुने गाववाले, वडिलांच्या वेळी तिथं त्यांची ज्वारी व्हायची, आता पत्र्याच्या शेड होत्या. त्यातल्या एका शेडमध्ये दहा-बारा बाया लोखंडी नळीच्या तुकड्यांना रबर चिकटवायचं सोल्युशन लावायच्या, मग मशीन त्यावर रबर चढवायचं, की बाया थिनरनं पुसून, कडा कापून तो माल खोक्यात भरायच्या. खोकी चाकणला जायची. चाकणची कंपनी ते तुकडे गाडीच्या चाकांपाशी कुठंतरी बसवायची आणि गाड्या परदेशी जायच्या. तिकडच्या लोकांना म्हणे हल्ली सगळं माहीत करून घ्यायचं असतं. गाडीतला बारक्यातला बारका तुकडा कुणी केला, करणाऱ्याला पाणी मिळतं का, संडास आहे का, कुणी दमदाटी करतं का. म्हणून चाकणच्या कंपनीनं शेडच्या दारावर एक चित्र लावलं, हसऱ्या बाईचं, 'तुमचा आवाज, आमची जबाबदारी', आणि प्रत्येकीचा फोन नंबर लिहून नेला. तेव्हापासून महिन्याला एकदा मशीनचा फोन यायला लागला. नावं इंग्रजीत भरलेली, मशीन ती आपल्या मनानं वाचायचं. शालनची शालान झाली. तिच्या शेजारी बसणाऱ्या यशोदाबाईंची याशोडा झाली. शालन घरी येऊन नक्कल करायची. पदर तोंडाला लावून म्हणायची, "नमस्कार, याशोडा. आपल्याला कामावर कोणी अपशब्द बोलतं का? बोलत असेल तर दोन दाबा." आणि मग यशोदेचा घोगरा आवाज काढून म्हणायची, "व्हय बाई, नवरा बोलतो. कितीदा दाबू?" आणि एकटीच हसत बसायची, ठसका लागेपर्यंत.

फोन बोलतच होता. वेळेवर पगार मिळतो का, मिळत असेल तर एक दाबा. उद्धवरावांनी काही दाबलं नाही. ती थांबली, मग म्हणाली, आपले उत्तर मिळाले नाही. जेवणाची सुट्टी मिळते का. पुन्हा थांबली. त्या थांबण्यात बाहेरच्या रस्त्यावरून शेअर रिक्षा गेली, वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली. कामाच्या ठिकाणी वास, धूर किंवा धूळ यांचा त्रास होतो का. होत नसेल तर एक, होत असेल तर दोन. उद्धवराव बटणांकडं बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, "धन्यवाद, शालान," आणि फोन बंद झाला. भाकरीचा तोवर लगदा झाला होता. त्यांनी तो तसाच खाल्ला. खाताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण बऱ्याच दिवसांनी चव घेऊन खातोय.

त्या रात्री धनेशचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, ते मशीन असतं हो. ब्लॉक करून टाका." ते म्हणाले, बरं. धनेश म्हणाला, "आणि एकटे बसू नका फार. देवळात जात जा." तेही बरं म्हणाले. पोरगा वाईट नव्हता, त्याला आईचं दुःख गाडीत बसून एकट्यानं करता येत होतं, मागं अनोळखी माणसं बसवून. उद्धवरावांनी नंबर ब्लॉक केला नाही. उलट त्यानंतर ते त्या फोनची वाट बघायला लागले. कामावर असताना त्यांना हुरहूर लागायची, आज आला असेल तर, कुणी घेतला नसेल तर. मग ते फोन खिशात घालून कामावर नेऊ लागले. छातीपाशी शर्टाच्या खिशात तिचा, पँटच्या खिशात आपला. प्रेसचं असं असतं, की दोन्ही हातांनी दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. हात साच्यात राहू नये म्हणून ती सोय. आपले हात कुठं आहेत एवढंच तिला कळतं, आणि तेवढं कळलं की तिचं समाधान होतं. पूर्वी त्यांना ते बरं वाटायचं. आता दिवसभर बटणं दाबता दाबता ते स्वतःशी म्हणून बघायचे, शालन, आणि प्रेस धाडकन खाली यायची, त्यात ते त्यांनाच ऐकू यायचं नाही.

वास मात्र त्यांना आठवायचा. सोल्युशनचा वास गोड होता, पिकून उतरलेल्या फळासारखा, आणि तो डोक्यात जाऊन बसायचा. ती संध्याकाळी आली की तिच्याआधी दारातून तो यायचा. साड्या धुतल्या तरी जायचा नाही, केसांत असायचा, उशीला लागायचा. पहिल्या पहिल्यांदा उद्धवरावांना तो आवडायचा सुद्धा, बायको आली असं वाटायचं. मग एका वर्षी ती जिना चढताना मध्येच बसायला लागली. हिरड्यांतून रक्त यायचं, ती म्हणायची, मिसरी सोडली पाहिजे. ताप यायचा, जायचा. मोठ्या सरकारी दवाखान्यात कमरेच्या हाडातून काहीतरी काढून तपासलं आणि एक तरुण डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, बाबा, यांच्या हाडात रक्त बनायचं थांबलंय. उद्धवरावांनी विचारलं, कशानं. तो म्हणाला, नक्की नाही सांगता येत, होतं असं काही जणांना. उद्धवराव म्हणाले, ती सोल्युशनचं काम करते. डॉक्टर म्हणाला, असेल, पण तसं लिहून नाही देता येणार. आणि मग बाटल्या लावणं सुरू झालं. दुसऱ्यांचं रक्त तिच्या अंगात जायचं, ती चार दिवस लाल दिसायची आणि पुन्हा मेणासारखी व्हायची. दवाखान्यात असतानाही एकदा नमस्कारबाईचा फोन आला होता. ती उशीला टेकून बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि एक एक एक करत सगळीकडे एक दाबला. उद्धवरावांनी तेव्हा काही विचारलं नाही. बाया सगळ्या एकच दाबतात हे त्यांना माहीत होतं. सुपरवायझर रोहिदासनं सांगून ठेवलं होतं, सगळीकडं एक, लक्षात ठेवायला सोपं. दोन दाबला की शेडला बट्टा. त्यांना वाटलं, घाबरते बिचारी, मरायला टेकली तरी घाबरते.

हेच त्यांच्या मनात घर करून बसलं. ती गेली त्याचं कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. दाखल्यावर काळीज थांबलं असं होतं, ते सगळ्यांचंच थांबतं. यशोदाबाई तेराव्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून गेल्या होत्या, "त्या सोल्युशननं खाल्लं माझ्या बाईला," पण शेडमधल्या बायांनी त्यांना हात धरून आत नेलं. आणि इकडं कुठल्यातरी मशीनमध्ये शालन अजून कामाला होती. तिला पगार वेळेवर मिळत होता, जेवणाची सुट्टी मिळत होती, वासाचा त्रास होत नव्हता. पुढच्या महिन्यात फोन आला तो मधल्या सुट्टीत. उद्धवराव डबा सोडून कंपाउंडच्या भिंतीकडं गेले आणि स्पीकर लावून फोन तोंडासमोर धरला. "नमस्कार, शालान." पगाराला त्यांनी एक दाबला. जेवणाला एक. वासाचं आलं. नुसत्या एका बोटाचं काम होतं. त्यांनी दोन दाबला. नमस्कारबाई नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आपला आवाज आमच्यापर्यंत पोहोचला आहे. आपले नाव गुप्त राहील. धन्यवाद, शालान." उद्धवरावांना रडू आलं नाही. बरं वाटलं. उन्हात भिंतीला टेकून ते उभे राहिले आणि त्यांना वाटलं, गेलं एकदाचं तिचं खरं. परदेशात कुठंतरी कुणीतरी आता तिचं नाव वाचत असेल. चुकीचं का होईना.

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. मग एका गुरुवारी सकाळी यशोदाबाई दारात उभ्या राहिल्या. अंगावर कामावरची साडी नव्हती, ठेवणीतली होती, आणि हातात काही नव्हतं. "भाऊजी, हायसा का?" म्हणत त्या उंबऱ्यातच बसल्या. उद्धवरावांनी पाणी दिलं. त्यांनी ते घोटभर पिऊन तांब्या बाजूला ठेवला.

"मला काढलं."

"का?"

"शेडातनं कुनीतरी दोन दाबलं म्हनं. वासाचं. नाव कळत न्हाई, एक बाई एवढंच कळतं. आन् आमी बाया किती, धा-बारा. बबनराव म्हनले, दुसरं कोन असनार, तेराव्याला हीच तोंड वाजवीत हुती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आईच्यान सांगते भाऊजी, मी न्हाई दाबलं. मी एकच दाबते. रोहिदास म्हनला, मावशे, आता तुला परत फोन यील, तक्रार मिटली का म्हून इच्यारतील, तवा एक दाब म्हंजी मिटलं. तर मला फोनच आला न्हाई. त्यो म्हनतोय तू खोटं बोलतीस, फोन येतोय आन् तू दाबंना. चाकनवाल्यांनी माल घ्यायचं थांबिवलंय. बाया दिवसाआड घरी बसत्यात आन् समद्या मला शिव्या द्यायल्यात. पोरीची बारावी हाय औंदा." मग त्या म्हणाल्या, "तुमचा मान ठिवतात बबनराव. एक शबुद टाका माझ्यासाठी."

खिशातल्या फोनवर उद्धवरावांचा हात गेला आणि तिथंच राहिला. दोन दिवसांपूर्वी तो वाजला होता. प्रेस चालू होती, घ्यायला जमलं नाही, आणि दिवसभर त्यांना तिचं नाव चुकल्याची चुटपुट लागली होती. त्यांना आता सांगायचं होतं, बाई, मी दाबलं. पण यशोदाबाईंच्या तोंडाकडं बघून ते एवढंच म्हणाले, "चला. आत्ताच जाऊ."

शेडला गुरुवारीही अर्धं काम चालायचं. बबनराव बाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि रोहिदास त्यांच्या शेजारी मोबाइलमध्ये काही बघत होता. आतून तो गोड वास येत होता. उद्धवरावांना एकदम वाटलं, ती आत आहे, आता खोकं उचलून बाहेर येईल. ते दाराकडं बघतच राहिले.

"या, उद्धवराव, बसा," बबनराव म्हणाले. "हिची वकिली कराया आला आसाल तर चा घ्या आन् जावा. आमच्या हातात काय न्हाई ऱ्हायलं."

"यांनी नाही दाबलं. मी दाबलं."

"तुमी?" बबनराव हसले. "तुमी कवा आमच्या शेडात लागला?"

"घरच्यांच्या फोनवरनं."

"कोन घरचे?"

उद्धवरावांनी खिशातला फोन काढून पुढं धरला. "शालन," ते म्हणाले. "शालनच्या फोनवरनं. तिला अजून येतो फोन."

नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं. त्यांनी स्वतः ते स्वच्छ ऐकलं, कमी ऐकू येत असूनही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर, आणि ते शेडच्या दारात, रबराच्या कातरणात जाऊन पडलं. कुणाला काहीच जाणवलं नाही. रोहिदासनं कपाळावर हात मारून घेतला. "आयला! भाऊ, त्यांचं नाव यादीतनं काढायचं राहून गेलं माझ्याकडनं. खरंच सांगतो. राहूनच गेलं."

बबनरावांचं पोट हलायला लागलं. "म्हंजी मयत बाईनं तक्रार केली व्हय! आन् आमी हितं जित्या बायांची उलटतपासनी घेतोय." ते हसत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उद्धवराव शिव्या खायच्या तयारीनं आले होते. एखादी मुस्काटात सुद्धा चालली असती. पण इथं कुणी चिडतच नव्हतं. यशोदाबाई तेवढ्या त्यांच्याकडं बघत होत्या आणि त्या नजरेत राग होता का काय होतं, ते त्यांना बघवलं नाही.

"पण वास खरा आहे, बबनराव," ते म्हणाले.

"कोन खोटा म्हनतंय? रबर हाय, मोगऱ्याचा मळा न्हाई. आन् पंखा बसवला की आता. दाव रे ह्यांना."

रोहिदासनं मोबाइल पुढं केला. त्यात पंख्याचा फोटो होता, भिंतीत बसवलेला मोठा काळा पंखा, खाली तारीख आणि जागा आपोआप उमटलेली. उद्धवरावांनी मान वळवून खऱ्या भिंतीकडं बघितलं. पंखा होता. त्याच्या मागं हातभर जागा सोडून शेजारच्या शेडची भिंत होती. रोहिदास म्हणाला, "फोटो मंजूर झालाय वरनं. आता फक्त तक्रार मिटायची राहिलीय." मग त्यानं बोटानं काहीतरी सरकवलं आणि नकाशा दाखवला. भोसरी, चिखली, चाकण, तळेगाव. सगळीकडं हिरवे ठिपके, शेकड्यानं, आणि त्यात एक लाल. "हा आपण."

"मग खरं सांगा त्यांना," उद्धवराव म्हणाले. "बाई या कामानं गेली, म्हणून तिच्या माणसानं दाबलं. असं सांगा."

रोहिदासनं बबनरावांकडं बघितलं. बबनरावांचं हसू आता गेलं होतं. "सांगता यील," ते शांतपणे म्हणाले. "तुमीच सांगा, मी आडवत न्हाई. मग चौकशी लागंल. चौकशी हुईस्तवर शेड बंद. बाया घरी. शेवटाला निघंल काय? सोल्युशनच्या डब्यावर लिव्हलेलं आसतं ह्यात काय वंगाळ न्हाई म्हून. डाक्टरानं लिहून दिलंय का तुमाला काय? दिलंय का?"

उद्धवरावांनी नकारार्थी मान हलवली.

"न्हाई ना? मग चाकनवाले आमाला सोडून दुसरी शेड धरतील. तितंबी बायाच आसतील, आन् ह्योच वास."

"नंबर रद्द केला तर?" उद्धवरावांनी विचारलं. मग ती हाकही जाणार होती, तरी विचारलं.

"नाही जमत भाऊ," रोहिदास म्हणाला. "रद्द केला तर तक्रार उघडीच राहते. ज्या नंबरवरनं आली त्याच नंबरवरनं मिटली पाहिजे. सिस्टीमच तशी केलीय, मालकांनी दबाव आणू नये म्हणून. परवा पुन्हा फोन येईल. त्यांनीच मिटवली पाहिजे. म्हणजे, वहिनींनीच."

येताना दोघं चालतच आले. यशोदाबाई चार पावलं पुढं चालत होत्या. खोली जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुमी काय दाबायचं ते दाबा भाऊजी. माझा जोर न्हाई." आणि आपल्या गल्लीत वळल्या. यशोदाबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर उद्धवरावांना सोपं गेलं असतं. दोन दिवस त्यांनी कामावर रजा टाकली. खोलीत बसून ते मनाशी घोळवत राहिले. दोन दाबला तर तिचं खरं उभं राहतं, लाल ठिपका होऊन का होईना, कुठंतरी एक जागा राहते तिला. आणि त्या ठिपक्याखाली यशोदेचं घर, आणि दुसऱ्या दहा-अकरा बायांची घरं. एक दाबला तर शालनच स्वतःच्या तोंडानं म्हणणार, मला काही झालं नव्हतं. त्यांना वाटायचं, तिला विचारता आलं असतं तर. तिनं काय सांगितलं असतं ते त्यांना ठाऊक होतं, ती तर दुसऱ्याच्या चुलीवर भाजी लागली तरी उठून जायची. पण ते ठाऊक असणं आणि तिनं सांगणं एक नव्हतं. मेलेल्या माणसाची परवानगी घरबसल्या काढता येते, कितीही, हीच त्यातली घाण होती.

फोन येणार त्या सकाळी रोहिदास येऊन बसला. थोड्या वेळानं यशोदाबाईही आल्या आणि दाराबाहेरच थांबल्या. रोहिदासच्या शर्टाला सोल्युशनचा वास होता आणि त्यानं खोली भरली. उद्धवरावांनी खिडकी उघडली नाही. रोहिदास दोनदा म्हणाला, टेन्शन घेऊ नका भाऊ, एकच बटण आहे. मग फोन वाजला.

"नमस्कार, शालान. हा फोन आपण केलेल्या तक्रारीबाबत आहे. कामाच्या ठिकाणी आपल्याला होणारा वासाचा त्रास आता दूर झाला आहे का? दूर झाला असल्यास एक दाबा. दूर झाला नसल्यास दोन दाबा."

दूर झाला आहे का. मयताच्या दिवशी आळीतल्या बाया हेच म्हणाल्या होत्या, सुटली बाई एकदाची. उद्धवरावांनी दाराकडं बघितलं. यशोदाबाईंनी पाठ फिरवली होती, नुसता खांदा दिसत होता. फोन म्हणाला, आपले उत्तर मिळाले नाही. रोहिदास पुढं सरकला. त्याचा हात फोनकडं येतोय असं वाटून उद्धवरावांनी फोन छातीशी ओढला, आणि तसाच, न बघता, अंगठ्यानं एक दाबला. "धन्यवाद, शालान. आपण सुरक्षित आहात याचा आम्हाला आनंद आहे."

रोहिदास मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. जरा वेळानं म्हणाला, "झाला! हिरवा झाला." आणि उठताना म्हणाला, "भाऊ, नंबर असाच चालू राहू द्या आता. एकदम काढला तर पुन्हा शंका येते. महिन्याचा फोन आला की एक दाबत जा फक्त." त्यानं बाहेर जाऊन यशोदाबाईंना सांगितलं, "मावशी, उद्या फर्स्ट शिफ्टला ये," आणि गाडीला किक मारली.

यशोदाबाई आत आल्या. न विचारता त्यांनी गॅसवर चहा ठेवला. शालनच्या डब्यांतून त्यांना साखर-पत्ती बरोबर सापडली. कप पुढं ठेवून त्या भिंतीशी बसल्या.

"एक इच्यारू का, भाऊजी? तुमी तवा दोन का म्हून दाबलं?"

"ती घाबरून एक दाबायची जन्मभर. एकदा तरी तिचं खरं जावं असं वाटलं."

यशोदाबाईंनी मान हलवली. "घाबरून न्हाई."

"मग?"

"तिला वास येतच नव्हता. पयल्या वर्षाला लई यायचा, दोघी बी मोरीत जाऊन वकायचो. मग कमी कमी हुत गेला. आमी म्हनलो, बरं झालं, सवय झाली. शेवटाशेवटाला तर नमस्कारबाईनं इच्यारलं की ती मलाच म्हनायची, कसला वास गं, मला तर काय येत न्हाई. इमानानं एक दाबायची ती." त्यांनी चहाची बशी फुंकली. "मला बी न्हाई येत आता. सोल्युशनचाच न्हाई, कशाचाच न्हाई. परवा भाजी करपून कोळसा झाली, पोरगी पळत आली तवा कळलं. तवा तुमी मनाला लावून घिऊ नगा. उद्या मला फोन आला तर मी एक दाबीन, त्ये काय खोटं न्हाई."

चहा पिऊन त्यांनी दोन्ही कप धुऊन पालथे घातले. पदर खोचला. चपला घालताना म्हणाल्या, "येते भाऊजी. उद्या पाटं उठायचंय."

उद्धवरावांना म्हणायचं होतं, उद्या कामाला जाऊ नका. ते उठून दारापर्यंत आले, चौकट धरून उभे राहिले, आणि म्हणाले, "कोपऱ्यावरनं जपून जा. गटाराचं खोदून ठेवलंय."